पायाला कळत नाही, पण दिसतं : विदर्भातल्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

नर्सिंग शिकताना कधी ना कधी एक असाइनमेंट येते : ‘रुग्णसेवेविषयी तुमचं वैयक्तिक तत्त्वज्ञान लिहा.’ आमच्या होस्टेलला ती आली की सिनियरची वही खोल्याखोल्यांतून फिरते. त्या वहीत करुणा, समग्र काळजी, शरीर-मन-समाज-अध्यात्म असे शब्द ओळीने मांडलेले असतात आणि खाली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, व्हर्जिनिया हेंडरसन, जीन वॉटसन ही नर्सिंगचा विचार मांडणाऱ्या परदेशी बायांची नावं. त्यातलं काहीच खोटं नाही, मला ते मनापासून पटतं. पण मी यवतमाळ-वर्धेच्या कापूस पट्ट्यात वाढले. ते शब्द इथे कोणाकोणाच्या हातांतून आले हे कळल्याशिवाय माझे म्हणून कागदावर उतरेनात. म्हणून असाइनमेंटच्या आधी हे टिपण.

हे शोधायला लावलं एका म्हाताऱ्या बाबांनी. ड्रेसिंग रूमला माझी ड्यूटी होती. बाबांचा कुष्ठरोग केव्हाच बरा झालेला, गोळ्यांचा कोर्स संपून वर्षं लोटलेली. पण नसा गेल्या त्या गेल्याच. उजव्या तळव्याला संवेदना नाही आणि नेमकी तिथेच जखम. मी ग्लोव्ह्ज घातले, चिमट्याने जुनं गॉज काढलं, जखम सलाईनने धुतली, नवी पट्टी बांधली. त्यात चूक नव्हती. फक्त एक काम मी टाळलं होतं. दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू टेकवून कुठला भाग जास्त गरम लागतो ते पाहायचं असतं. ज्या पायाला दुखतच नाही, त्याच्या आतली सूज ओळखायची तीच खूण. गर्दी आहे, नंतर पाहू, असं मी स्वतःला सांगितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “पोरी, त्या पायाले काई समजत नाही. पन मले दिसते ना.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला : परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचं काम आपल्याकडे कोण करत आलं?

घरातलं माणूस आजारी पडलं तर माय, सून, लेक करायची. बाळंतपणाला सुईण यायची, आणि नाळ कापणं, विटाळाचे कपडे धुणं ही कामं पुष्कळ ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींच्या बायांवर ढकललेली असत. रक्त, पू, मलमूत्र यांना शिवलं की माणूस बाटतो, ही समजूत घट्ट. त्यामुळे दवाखाने आले, डॉक्टर आले, तरी परक्याचं बेडपॅन उचलणारी बाई ‘चांगल्या घरची’ नसते हा शेरा कायम राहिला. देशातल्या सुरुवातीच्या नर्सेसमध्ये ख्रिस्ती मुली आणि विधवा इतक्या का, याचं उत्तर या शेऱ्यात आहे. नागपुरात म्युर मेमोरियल हे स्कॉटिश मिशनचं हॉस्पिटल १८९६ मध्ये उभं राहिलं. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी मिशनचा दवाखाना झाला. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. तरी आमच्या भागातल्या अनेक जखमांवर पट्टी बांधणारे पहिले शिकलेले हात त्या बायांचे होते. त्यांच्यापैकी एकीचंही नाव आम्हाला पाठ करावं लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या बरोबरीने अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार येतो. म्हणजे रोग्याची सेवा हे पुण्यकर्म नसून रोजचं काम आहे, हे आमच्या आजी-आजोबांनी कीर्तनात ऐकलेलं होतं. ऐकणं आणि हात पुढे करणं यात मात्र अंतर होतं.

ते अंतर तुटलेलं मला दिसतं ते वर्धेच्या आसपास, १९३६ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. १९३६ मध्ये गांधीजी वर्धेजवळच्या शेगावात राहायला आले, तेच पुढचं सेवाग्राम. त्याच वर्षी विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्धेजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. परदेशी मिशनच्या आधाराशिवाय, इथल्याच माणसाने, त्या काळी ज्या रोगाचं नुसतं नाव काढलं तरी दार लागायचं त्या रोगासाठी. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामात आले. संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबत असलेले, आणि आता अंगभर कुष्ठरोग. आश्रमात बायका-मुलं होती, भीती होती. गांधीजींनी स्वतःच्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केली. त्याचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. मी तो नर्सिंगला आल्यावर पुन्हा नीट पाहिला. मालिश करणारा माणूस अगदी जवळ, ओणवा बसलेला आहे. ड्रेसिंग रूममध्ये मी कशी उभी होते ते मला आठवलं. परचुरे शास्त्री पुढे दत्तपूरला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘समग्र’साठी आम्ही जो ‘होलिस्टिक’ शब्द रोज वापरतो, त्याच्या मुळाशी असलेला ‘होलिझम’ हा शब्द १९२६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे नेते यान स्मट्स यांनी आपल्या ग्रंथात घडवला. हे तेच स्मट्स, ज्यांच्या सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकलं आणि ज्यांच्यासाठी गांधीजींनी तुरुंगात चपला शिवल्या. १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तरीला, स्मट्सनी त्या चपला परत पाठवल्या : इतक्या थोर माणसाच्या पादत्राणात पाय घालायची आपली योग्यता नाही, अशा भावनेने. सगळं मिळून एक संपूर्ण होतं हा विचार मांडणारा हा माणूस स्वतः मात्र काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या वस्त्यांच्या बाजूचा होता. तो शब्द तिकडे छापला गेला, पण मला तो समजला सेवाग्रामच्या त्या झोपडीपाशी.

कस्तुरबा १९४४ मध्ये गेल्या. १९४५ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात त्यांच्या नावाने बाया आणि लेकरांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू केला. त्याच जागी १९६९ मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. आणि वरोऱ्याला बाबा आमटे. त्यांची गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकत आलो, पण त्यातला जो भाग मला आधार देतो तो भाषणांत घाईने उरकला जातो. पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबा घाबरून पळून गेले होते. जो माणूस डोक्यावरून मैला वाहून आला होता, तो पळाला. मग स्वतःची लाज वाटून परत आला, त्याला खाऊ घातलं, त्याची शुश्रूषा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती, १९५१ मध्ये आनंदवन : सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. साधनाताई सोबत. ड्रेसिंग रूममध्ये मी मागे सरकले म्हणून मी या कामाला नालायक आहे, असं वाटून त्या रात्री मला झोप नव्हती. तुळशीरामची गोष्ट त्या रात्री उपयोगी पडली. भीती वाटणं हा शेवट नाही, परत जाता येतं.

आनंदवनाने दुसरं एक दाखवलं. जखम भरली तरी माणूस बरा होत नाही. त्याला घर नसतं, काम नसतं, लग्नाकार्यात पान नसतं. म्हणून तिथे विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग चालवले. आमच्या पुस्तकातल्या ‘पुनर्वसन’ या प्रकरणात जे आहे ते तिथे कुदळीने केलेलं होतं. औषधंही तोवर बदलत होती. डॅप्सोन आलं, मग ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि तो आधी राबवला गेलेल्या देशातल्या जिल्ह्यांत वर्धा होतं. डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, म्हणून देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं. गडचिरोली-चंद्रपूरकडे नवे रुग्ण अजून सापडतात.

पुस्तकातली वाट थोडक्यात सांगते. नाइटिंगेलबाई १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात गेल्या. १८६० मध्ये लंडनला त्यांची शाळा निघाली. हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता दिली की शरीर स्वतःला सावरतं, हे त्यांचं म्हणणं. कॅपिंगच्या, म्हणजे नर्सची टोपी मिळते त्या दिवशी आम्ही त्यांच्या नावाने जी शपथ घेतो ती त्यांनी लिहिलेली नाही, ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांसाठी सेवाघर काढलं आणि वेदना शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते हे सांगितलं. आणि देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल : तेव्हा आपल्याकडे सुमारे ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. एका बाईने इतक्यांची विचारपूस करायची म्हटलं तर करुणेला वेळ कुठून आणायचा? वॉर्डात एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असताना तत्त्वज्ञान लिहायला सांगतात, तेव्हा हा हिशोबही सोबत मांडायला हवा असं मला वाटतं.

पुढचा टप्पा गडचिरोलीचा आहे आणि तिथे हातासोबत कान आला. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले. माडिया भाषा शिकले, झाडाखाली उपचार केले, आणि पेशंटसोबत आख्खं घर राहायला आलं तरी कोणी त्याला हाकललं नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते. आधी कधी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. कंबर दुखते म्हणायची, जन्मभर. कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही.

शोधग्राम, म्हणजे बंगांचं गडचिरोलीतलं केंद्र, तिथल्या दवाखान्याची गोष्ट तर मी माझ्या असाइनमेंटच्या मधोमध ठेवणार आहे. दवाखाना बांधण्याआधी बंगांनी आदिवासींनाच विचारलं, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का येत नाही? लोकांनी सांगितलं : तिथे पांढऱ्या कपड्यातली माणसं असतात, आणि आम्ही पांढऱ्यात गुंडाळतो ते मढ्याला. तिथे नातेवाइकांना राहायला जागा नसते. आणि तिथे आमची देवी नसते. म्हणून दवाखाना पाड्यासारखा झाला, झोपड्यांचा, सोयऱ्यांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. माझा युनिफॉर्म पांढरा आहे. मी तो इस्त्री करून अभिमानाने घालते. समोरच्याला त्यात कफन दिसत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन नर्सने संस्कृतीप्रमाणे शुश्रूषा बदलते असं मांडलं, ते आम्हाला पाच मार्कांना येतं. गडचिरोलीच्या लोकांनी ते तीन वाक्यांत सांगितलं होतं.

नंतर तीच वाट घराच्या आत गेली. १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची काळजी घरी घेतली गेली. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, अंगावर नीट पाजायला शिकवणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. २०११ पासून देशभरच्या आशाताईंना या धर्तीवर घरभेटी नेमून दिल्या गेल्या : दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. कम्युनिटी पोस्टिंगला मी एका आशाताईसोबत सातव्या दिवसाच्या भेटीला गेले. तिने आधी हात धुतले, मग बाळाला घेतलं, आणि वजन करता करता सासूला विचारलं, “सून जेवली का वो?” रजिस्टरमध्ये त्या प्रश्नाला रकाना नाही.

ड्रेसिंग रूममधले ते म्हातारे बाबा पुढच्या आठवड्यात परत आले. या वेळी मी आधी स्टूलवर बसले, त्यांचे दोन्ही पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतले आणि हाताची मागची बाजू टेकवली. उजवा गरम होता. डॉक्टरांना दाखवलं. मग विचारपूस निघाली. रोज पाय पाण्यात भिजवायचा, कडक कातडी घासायची, तेल लावायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. दवाखान्याने दिलेली मऊ एमसीआर चप्पलही होती, संवेदना नसलेल्या पायांसाठी खास मऊ रबराची असते ती. मग जखम वारंवार का होते?

“ते चप्पल घालून वावरात जातो,” ते म्हणाले. “बाजारात नाही जात. चप्पल पाहून लोक समजतात.”

केअर प्लॅनमध्ये मी लिहिलं : बाजाराच्या दिवशी पाय उघडा राहतो. नेहमीच्या चपलेसारखी दिसणारी एमसीआर चप्पल मिळते का ते विचारायचं. त्यांचा बाजार मंगळवारी असतो.