स्लॅब टाकण्याआधी वही बघा

साइटवर आलात की आमच्या मिस्त्रींकडे निळी वही मागा. आता आमच्या प्रत्येक कामावर ती असते. तपासणी करून तिच्यात इंजिनिअरची सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही, हा नियम आम्ही घालून घेतला आहे.

कारण आमच्याच एका कामात घडलं. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, खोललं तर बीमच्या बुडाशी खडी उघडी, सळई बोटाला लागत होती. सळई साच्यापासून दूर धरणारे कव्हर ब्लॉक सरकले होते आणि काँक्रीट हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर कोपऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता. दुरुस्ती आमच्या खर्चाने केली. पण आदल्या दिवशी कुणी वाकून पाहिलं असतं, तर ते पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून आता आदल्या दिवशी टेप लावून सळई, रिंगा, टेकू आणि कव्हर तपासतो. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला 20 मिमी, बीमला 25, कॉलमला 40.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पाण्यावरून. घट्ट माल पसरायला जड जातो, मग कुणीतरी हळूच एक बादली वाढवतो. हे जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. काँक्रीट कमजोर होतं, पुढे गळतंही. पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.50 असेल तर 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच पाणी, तेही वाळूतला ओलावा धरून. त्यासाठी मिक्सरजवळ मापाचा डबा ठेवला आहे.

त्याच मालाचे 150 मिमीचे क्यूब भरून 7 आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये दाबून बघतो. एम-25 या काँक्रीटच्या प्रतीतला 25 म्हणजे 28 दिवसांनंतरची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. रिपोर्टची प्रत तुम्हाला मिळेल. वेगळे पैसे नाहीत.

आम्ही पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरतो. ते सावकाश ताकद धरतं, त्यामुळे स्लॅबवर आळी (पाणी अडवणारे छोटे बांध) करून किमान 10 दिवस पाणी धरून ठेवतो. साध्या सिमेंटलाही 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवसांआधी काढत नाहीत, त्याहून मोठ्या स्लॅबला 14 दिवस. पीपीसीला आम्ही त्याहून जास्त थांबतो.

एक विनंती. मुहूर्त काढायला जाण्याआधी आम्हाला फोन करा, म्हणजे तपासणी घाईत उरकावी लागणार नाही. आणि सही दिसली नाही तर स्लॅब तुम्हीही थांबवू शकता, अगदी मिक्सर सुरू झाला असला तरी. वहीचं शेवटचं पान तुमच्या शंकांसाठी कोरं ठेवलं आहे. तिथे लिहिलेल्याला दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी उत्तर देतो.