स्वतःच्या धर्माला 'दुय्यम' म्हणणारे प्राध्यापक

लहानपणी आपण सगळेच 'च'ची भाषा बोललो आहोत. रोममध्ये 1921 साली जन्मलेल्या आलेस्सांद्रो बाउसानींनी मात्र लहान वयात एक अख्खी भाषाच रचली, व्याकरणासकट. तिचं नाव 'मार्कुस्का'. पुढे 1974 साली कृत्रिम भाषांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी तिचीही नोंद घेतली, तीही गंमत म्हणून नव्हे, अभ्यासविषय म्हणून. खऱ्या भाषांपैकी अरबी, फारसी, तुर्की, उर्दू, मलय अशा कितीतरी त्यांना येत होत्या. 1943 साली पदवीसाठी त्यांनी फारसीच्या वाक्यरचनेवर प्रबंध लिहिला. नंतर नेपल्सच्या प्राच्यविद्या संस्थेत आणि 1971 पासून रोम विद्यापीठात ते शिकवत होते. 1955 साली त्यांनी केलेलं कुराणाचं इटालियन भाषांतर प्रसिद्ध झालं. कॅथलिक देशातला हा कुराणाचा भाषांतरकार श्रद्धेने बहाई होता, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये उगवलेल्या एकेश्वरवादी बहाई धर्माचा अनुयायी.

त्यांच्या धर्मविचाराचं मूळ एका जुन्या वादात आहे. व्हिएन्नाचे पाद्री-अभ्यासक विल्हेल्म श्मिट यांचं म्हणणं असं, की माणूस आरंभी एकाच देवाला मानत होता, बहुदेवपूजा ही नंतरची घसरण. रोममध्ये धर्मेतिहास शिकवणाऱ्या राफाएले पेत्ताझ्झोनींनी ते साफ खोडून काढलं. त्यांच्या मते एकेश्वरवाद हळूहळू उगवत नाही. कुणी प्रेषित उभा राहतो आणि आजूबाजूच्या देवांना नाकारतो, तेव्हाच एकेश्वरवाद येतो.

बाउसानींनी हाच धागा पुढे नेला. 1963 साली 'नुमेन' या नियतकालिकातल्या निबंधात त्यांनी एकेश्वरवादाचे दोन प्रकार मांडले. यहुदी धर्म आणि इस्लाम हे प्राथमिक, कारण त्यांना आधी मूर्ती हटवाव्या लागल्या. ख्रिस्ती आणि बहाई धर्म दुय्यम, कारण त्यांचा जन्मच एकेश्वरवादी घरात झाला. फोडायला मूर्ती नव्हत्या, नवा अर्थ लावायचा होता. दुय्यम म्हणजे इथे कमी दर्जाचा नव्हे, क्रमाने नंतरचा. तरी स्वतःच्या श्रद्धेबद्दल हा शब्द शांतपणे वापरणारा भाविक मला विरळाच वाटतो.

हे वर्गीकरण इराणच्या इतिहासाला नेमकं लागू पडतं. महदीची, म्हणजे शेवटी येणाऱ्या त्रात्याची, वाट पाहणाऱ्या शिया समाजात 1844 साली शिराझमध्ये बाब नावाचे प्रेषित पुढे आले. 1850 साली तबरीझमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या अनुयायांतून बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह उभे राहिले आणि तुरुंग, हद्दपारी भोगत अखेर आजच्या इस्रायलमधल्या अक्काला पोचले. त्यांचा धर्मग्रंथ 'किताब-ए-अकदस' 1890-91च्या सुमारास छापला गेला तो आपल्या मुंबईत. इराणच्या धर्मजीवनावरचा बाउसानींचा 1959चा ग्रंथ जरथुष्ट्रापासून सुरू होऊन बहाउल्लाहपर्यंत येतो. सगळे प्रेषित एकाच साखळीतले, ही तर बहाई शिकवण. मग ही रेषा इतिहासात सापडली की श्रद्धेने ओढली? शंकेला जागा आहे. पण पुरावा म्हणून ते मूळ फारसी-अरबी ग्रंथच समोर ठेवतात, त्यामुळे वाद घालायचा तर तिथे जाऊनच घालावा लागतो.

1988 साली रोममध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या कामातला मला सर्वात आवडणारा भाग मात्र सिद्धान्ताचा नाही. लाहोरचे कवी इक्बाल यांचं 'जावेदनामा' हे 1932चं फारसी काव्य त्यांनी 1952 साली इटालियनमध्ये आणलं. त्यात कवी स्वतः, सूफी कवी रूमीचा हात धरून, ग्रहांवरून फिरतो, 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या दान्तेसारखाच. गुरू ग्रहाच्या कक्षेत त्याला तीन आत्मे भेटतात: सूफी संत हल्लाज, गालिब आणि ताहिरा. ताहिरा म्हणजे बाबची अनुयायी कवयित्री, 1852 साली तेहरानमध्ये मारली गेलेली. या तिघांना स्वर्गात स्थिरावायचं नाही, त्यांना फिरत राहायचंय. पुढे स्वर्गात भेटतो भर्तृहरी. लाहोरच्या कवीने फारसीत बोलता केलेला तो भर्तृहरी रोमच्या या बहाई प्राध्यापकाच्या हातून इटालियन बोलू लागला. मराठी त्याला वामन पंडितांनी शिकवली होती, अडीचशेहून अधिक वर्षं आधी.