सायलेन्सर मोकळा केला की बूस्ट का चढतो?

टर्बोच्या गाडीला फ्री-फ्लो एक्झॉस्ट, म्हणजे धुराची वाट कमी अडवणारा पाइप, लावला की बूस्ट वाढतो, असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं. ‘छे, बूस्ट आवरणारी झडप, ते वेस्टगेट, कशाला असतं मग?’ असं म्हणणारेही तितकेच भेटतात. दोघंही आपापल्या गाडीपुरतं खरंच बोलत असतात. गाडी कोणत्या काळातली आहे आणि तिच्यात बूस्टला आवर कोण घालतं, त्यावर उत्तर बदलतं. १९६२ साली अमेरिकेत एक गाडी अशी निघाली की तिच्यात हा आवर घालायचं काम चक्क सायलेन्सरकडे होतं. तिच्यापर्यंत जायच्या आधी टर्बो नेमकं कशावर फिरतं ते पाहायला हवं.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन चाकं. एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर फिरतं, ते टर्बाइन. दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, तो कॉम्प्रेसर. कोंबलेल्या हवेचा दाब वातावरणापेक्षा जितका जास्त, तितका बूस्ट. टर्बाइन नुसत्या झोतावर भिंगरीसारखं फिरतं, असा पुष्कळांचा समज असतो. पण त्याला काम मिळतं ते अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरातून. समजा टर्बाइनच्या अलीकडे २ बार दाब आहे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारं ‘कॅट’), सायलेन्सर, पाइपाची वळणं यांनी वाट अडवल्यामुळे पलीकडे १.३ बार. गुणोत्तर झालं साधारण १.५४. वाट मोकळी करून पलीकडचा दाब १.१ वर आणला की तेच १.८२ होतं. वायू तेवढाच आणि तितकाच गरम धरला, तरी टर्बाइनच्या वाट्याला एक तृतीयांशाहून जास्त काम येतं. टर्बो लवकर जागं होतं आणि कुणी रोखलं नाही तर जास्त जोरात पळतं. ‘थोडं बॅक प्रेशर (पाइपातला उलटा दाब) लागतंच’ हा गॅरेजमधला सल्ला टर्बोच्या पलीकडच्या पाइपाला लागू नाही, तो यामुळे.

ही गोष्ट मोटारींच्या आधी विमानवाल्यांना कळली होती. टर्बोची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी जातीचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोराडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, १४,००० फुटांच्या वर नेलं. समुद्रसपाटीला साधारण ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ दिली. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांवर चार इंजिनांना चार टर्बो होते. २५,००० फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या ३७ टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे टर्बाइनच्या पलीकडचा अडसर उंचीनेच काढून टाकलेला. तिथे टर्बो मर्यादेबाहेर पळून फुटण्याची भीती खरी होती. वायूचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, सांभाळणं हे वैमानिकाचं कायमचं काम होऊन बसलं. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आणि एकाच बटणाने चारही टर्बो ताब्यात राहू लागले.

मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, जनरल मोटर्सच्या दोन गाड्यांमधून, आणि दोघींनी एकाच प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं दिली. त्यातली शेवरोले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर मला फार आवडते. मागच्या बाजूला बसवलेलं, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरांचं सपाट इंजिन. जेमतेम २.४ लिटर, तरी १५० अश्वशक्ती. डॅशबोर्डवर सिलिंडर हेडचं तापमान दाखवणारा काटा आणि शेजारी मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब दाखवणारा काटा. साध्या कौटुंबिक गाडीत असली घड्याळं तेव्हा कोण देत होतं?

या गाडीला वेस्टगेट नव्हतंच. तापलेल्या वायूत अडकून बसणारा हलता भाग नको, खर्च नको. मग बूस्ट आवरायचा कुणी? कार्ब्युरेटरने आणि सायलेन्सरने. सगळी हवा एकाच कार्ब्युरेटरमधून आत यायची, त्यामुळे वरच्या आरपीएमला तिथेच तिची कोंडी व्हायची. आणि सायलेन्सर मुद्दाम असा चिंचोळा की वायू जितका जास्त, तितकी अडवणूक जास्त. पाइपातला हा अडथळा प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की अडथळा जवळपास चौपट. त्यामुळे इंजिन जोर धरू लागलं की टर्बाइनच्या पलीकडे दाब साचायचा आणि बूस्ट आपोआप एका पातळीवर थांबायचा. एकही जास्तीचा भाग न लावता केलेली ही योजना पाहिली की आजही मन भरून येतं.

पण मालकाने सायलेन्सर गंजला म्हणून, किंवा आवाज हवा म्हणून, मोकळा पाइप बसवला की गाडीचा मोठा राखणदारच काढून टाकल्यासारखं व्हायचं. बूस्ट चढत जायचा. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर बूस्टच्या दाबाने ठिणगी मागे खेचणारा, म्हणजे उशिरा पाडणारा, पडदा होता, पण तो कारखान्याच्या बूस्टचा हिशेब धरून बसवलेला. त्यापलीकडे गेलं की इंजिन ठोकायला लागणार, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर घाव बसणार, आणि हवेने थंड होणाऱ्या पिस्टनला ते फार काळ सोसत नाही. बाहेरून घेतलेल्या एक्झॉस्टमुळे बूस्ट चढतो, या समजाचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गाडी ओल्ड्समोबिल जेटफायर. तिला वेस्टगेट होतं, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.२५ इतकं ठेवलेलं, आणि ठोकणं टाळायला पाणी व मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायचं. लोक ती टाकी भरायला विसरायचे. दोन वर्षांत ९,६०७ गाड्या विकून प्रकरण मिटलं.

वेस्टगेट खऱ्या अर्थाने रुळलं ते सत्तरच्या दशकात. पोर्शने कॅन-ॲम शर्यतीच्या ९१७/१० वर एक्झॉस्टच्या बाजूने बूस्ट आवरण्याचं तंत्र पक्कं केलं आणि तेच रस्त्यावरच्या ९११ टर्बोत आणलं. १९७७-७८ च्या साब ९९ टर्बोने हे रोजच्या वापराच्या गाडीत बसवून दाखवलं. छोटा टर्बो, कमी आरपीएमला लवकर बूस्ट आणि वर गेल्यावर झडप उघडून जास्तीचा वायू बाहेर. आज घरोघरच्या टर्बो-पेट्रोल गाड्या चालतात त्या याच विचारावर.

छोट्या गाडीचा टर्बो कधी उघडा पाहायला मिळाला तर टर्बाइनच्या घरात डोकावून बघा. चाकाच्या बाजूला साधारण रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक असतं आणि त्यावर बिजागरीची झडप. बाहेरून एक सळई तिला जोडलेली, सळईच्या टोकाला डबी, डबीत स्प्रिंग आणि पडदा. बूस्टचा दाब पडद्यावर आला की स्प्रिंग दबते, सळई सरकते, झडप उघडते. ही डबी फक्त बूस्ट बघते, पाठीमागे सायलेन्सर कोणता आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून तत्त्वतः एक्झॉस्ट बदलला तरी बूस्ट तोच राहायला हवा.

अडचण त्या नाण्याएवढ्या भोकाची. कारखान्याने ते मापलं मूळच्या अडवणाऱ्या पाइपाच्या हिशेबाने. पाइप मोकळा झाला की तोच बूस्ट राखायला जास्त वायू वळवावा लागतो, आणि झडप पूर्ण उघडूनही तेवढा वायू त्या भोकातून जात नाही. मग आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू वर सरकत राहतो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. क्षणभर काटा वर उडून परत खाली येतो ते स्पाइक, ते वेगळं. माझदाची दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ टर्बो क्रीपसाठी जगभर बदनाम होती. पूर्ण एक्झॉस्ट बदललेल्या गाडीत वरच्या गिअरमध्ये, गार हवेच्या दिवशी, काटा चढत जायचा आणि शेवटी कॉम्प्युटर इंधनच तोडायचा. आपल्याला गचका बसतो, पण इंजिन वाचतं. तिच्या रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी रोटर असलेल्या) टोकाची सीलं डेटोनेशनपुढे, म्हणजे इंजिन ठोकण्यापुढे, टिकत नाहीत, म्हणून जाणकार मालक आधी टर्बो उतरवून ते भोक घासून मोठं करून घेत आणि मगच पाइपाला हात लावत. कामाचा हाच क्रम बरोबर आहे, आणि आजही तो पुष्कळ ठिकाणी उलटा होतो याचं वाईट वाटतं.

दरम्यान साबने १९८२ मध्ये एपीसी आणलं. इंजिन ठोकतंय का हे सेन्सरने ऐकायचं आणि त्यानुसार बूस्ट कमी-जास्त करायचा. डबीची स्प्रिंग राहिली, पण शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा झाला.

आपल्याकडे हा विषय रंगला तो रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची पुंटो अबार्थ आणि चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी टीएसआय रस्त्यावर आल्यावर. ‘स्टेज वन’ म्हणजे फक्त रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), ‘स्टेज टू’ म्हणजे डाउनपाइप (टर्बोला लागूनचा एक्झॉस्टचा पाइप) आणि त्याच्याशी जुळणारा रिमॅप, ही भाषा पुण्या-मुंबईच्या पोरांच्या तोंडी बसली. कॅट नसलेला डाउनपाइप लावला की कॅटच्या मागे बसणारा दुसरा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा सॉफ्टवेअरमधून विझवता येतो, हवेत जाणारा धूर विझवता येत नाही. गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. कॅट जागेवर ठेवून त्याच्या मागचा पाइप मोकळा करण्यातही बूस्टचं गणित बदलतंच, फक्त कमी प्रमाणात. धुरातून लोकांच्या फुफ्फुसात काय जातं याची ज्याला फिकीर आहे, त्याने यापुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चाकणच्याच १.० टीएसआयमध्ये वेस्टगेटची सळई विजेची मोटर हलवते. किती बूस्ट हवा ते कॉम्प्युटर ठरवतो आणि झडप तितकीच उघडतो. अशा गाडीला नुसता मोकळा पाइप लावला, रिमॅप केला नाही, तर सुरुवातीला बूस्ट थोडा लवकर भरतो. वरच्या आरपीएमला टर्बाइनच्या अलीकडचा दाब घटतो, इंजिनाला वायू बाहेर ढकलायला कष्ट कमी पडतात आणि थोडी ताकद त्यातूनच मिळते. बूस्टचा आकडा मात्र जिथल्या तिथे असतो. झडप तेवढी आधीपेक्षा जास्त उघडी राहते.