कीटक खाणाऱ्या झाडालाच कीड लागली तर

आमच्याकडून व्हीनस फ्लायट्रॅप, दवबिंदू किंवा घटपर्णी नेलेले ग्राहक हमखास विचारतात, "हे झाड किडे खातं ना? मग याच्यावर मावा कसा?"

मावा, पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे बहुतेक वेळा सापळ्याकडे जातच नाहीत. ते कोवळ्या कोंभात, पानामागे, फुलाच्या दांड्यावर बसून रस शोषतात. फ्लायट्रॅपच्या सापळ्यात मावा शिरला, तरी आतले केस साधारण २० सेकंदांत दोनदा हलल्याशिवाय तो मिटत नाही. मिटला तरी इतका बारीक किडा कडेच्या दातांमधून निसटतो.

नवीन पानं वाकडी, चुरगळलेली येऊ लागली, की भिंग घेऊन कोंभ बघा. बारीक हिरवे-काळे जीव आणि त्यांच्या पांढऱ्या काती दिसल्या, तर तो मावा. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली, तर लाल कोळी. घटपर्णीच्या घटाच्या तोंडाशी मुंग्या असणारच, तिथे मध असतो. पण त्यांची रांग कोंभाकडे जात असेल, तर मावा किंवा पिठ्या शोधा.

साबणाचं पाणी कृपा करून मारू नका. गुलाबाला चालतं म्हणून आम्हीही सुरुवातीला दवबिंदूंच्या एका ट्रेवर मारलं होतं. मावा गेला, पण बरीचशी रोपंही गेली, आणि त्याचं वाईट आजही वाटतं. कासच्या सड्यावर दवबिंदू वाढतं ते पावसाने धुतलेल्या, क्षार जवळजवळ नसलेल्या मातीत. त्यामुळे साबण, खत, बोअरचं पाणी, काहीच त्याला सोसत नाही. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड वापरा. आरओचं असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या खाली आहे ना, ते तपासा.

फ्लायट्रॅप आणि दवबिंदूवरच्या माव्याला आमचा पहिला उपाय म्हणजे बुडवणं. कुंडीसकट रोप अशाच पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, तरंगू नये म्हणून वर जाळी ठेवा आणि सावलीत २४ ते ४८ तास राहू द्या. दवबिंदूचे चिकट थेंब धुऊन जातील, ते काही दिवसांत परत येतात. आठवड्याने पुन्हा भिंगातून बघा, एखादा मावा उरला तरी तो एकटाच पिल्लं घालतो. फुलाचा दांडा किडीने भरला असेल तर सरळ कापा.

घटपर्णी बुडवू नका, घटातला पाचक रस धुऊन जाईल. तिची पानं ओल्या मऊ कापडाने मागूनपुढून पुसा. पिठ्याच्या पुंजक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवा. पिठ्या मुळांत शिरला असेल तर कुंडीतलं जुनं मॉस (मातीऐवजी वापरलेलं शेवाळ) फेकून द्या आणि मुळं धुऊन नव्या मॉसमध्ये लावा.

कुंडीभोवती उडणाऱ्या काळ्या चिलटांसाठी पिवळा चिकट सापळा पुरतो.

इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक हा शेवटचा उपाय. ते घराबाहेर, हातमोजे घालून, लेबलवरच्या प्रमाणातच वापरा आणि घटात जाऊ देऊ नका. लाल कोळ्यावर ते चालत नाही, कारण कोळी हा कीटकच नव्हे.

काही समजेनासं झालं तर रोप आमच्याकडे आणा, तपासणीचे पैसे घेत नाही. फक्त पिशवीचं तोंड बांधून आणा, म्हणजे कीड इथल्या रोपांवर जाणार नाही.