जुना पेंटियम ४ इतका का तापतो?

पेंटियम ४ हा इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे संगणकातली हिशेब करणारी मुख्य चिप. तो तापला की ‘जुना झालाय, आता तापणारच’ हे निदान दुरुस्तीच्या दुकानातही सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. प्रोसेसर वयामुळे जास्त उष्णता निर्माण करू लागत नाही. २००४ साली तो जेवढी वीज खायचा तेवढीच आजही खातो, आणि खाल्लेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. बुजलेली असते ती तिची बाहेर पडायची वाट.

२००४चा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ घेऊ, कारण माळ्यावरून खाली येणाऱ्या यंत्रांत तापण्याबद्दल सर्वांत बदनाम तोच. ३ गिगाहर्ट्झच्या सॉकेट ४७८ (४७८ पिनांच्या खोबणीत बसणाऱ्या) प्रकारासाठी ८९ वॅट उष्णता गृहीत धरलेली आहे. आतली चिप फक्त ११२ चौरस मिलिमीटरची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८० वॅट. ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला चार वॅटही पडत नाहीत.

चिपवरचं धातूचं झाकण ही उष्णता पसरवतं, आणि झाकणावर हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा, वर पंखा असलेला धातूचा ठोकळा बसतो. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्याच असतात. एकमेकांवर ठेवले की शिखरं तेवढी टेकतात आणि दऱ्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, या दऱ्या भरायला लावतात त्या साध्या थर्मल पेस्टची १ ते ४, आणि हवेची ०.०२६.

आता गणित करू. झाकणाचं क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर, फट ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. तापमानातला फरक = वॅट × जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). फटीत ४ वाहकतेची पेस्ट असेल तर ८९ वॅटला फरक पडतो जेमतेम सव्वा अंशाचा. त्याच फटीत अखंड हवा असेल तर उत्तर १९० अंश येतं. प्रत्यक्षात शिखरं टेकलेली असल्यामुळे इतकी वाईट वेळ येत नाही, पण वीस वर्षांत पेस्टमधलं सिलिकॉन तेल सुटून जातं, उरलेली भुकटी वाळल्या चुन्यासारखी तडकते आणि तडांमध्ये हवा शिरते. शिवाय यंत्र तापताना-निवताना दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात आणि पेस्ट दर वेळी थोडी कडेला ढकलली जाते.

हेच सूत्र उलट्या बाजूनेही वापरा. १ वाहकतेची पेस्ट अर्धा मिलिमीटर थापली तर फरक जवळपास ५० अंशांचा! पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे. ती फक्त हवेला हुसकावण्यापुरती हवी. किती हवी? ९ चौरस सेंटिमीटर गुणिले ०.००५ सेंटिमीटर, म्हणजे ०.०४५ मिलिलिटर. लहान वाटाण्याएवढा ठिपका मध्यभागी ठेवायचा, बोटाने सारवत बसायचं नाही, दाबाने तो आपोआप पसरतो. चांदीवाल्या महागड्या पेस्टने सव्वा अंशातला अर्धा-पाऊण अंश वाचेल. टूथपेस्ट काही दिवस चालते, मग तिच्यातलं पाणी उडतं.

अति तापला की पेंटियम ४ लगेच बंद पडत नाही, तो स्वतःच्या घड्याळाचे ठोके गाळतो, म्हणजे वेग कमी करतो. यंत्र नुसतं रेंगाळतं, घरचे व्हायरसला दोष देतात आणि विंडोज एक्सपी पुन्हा टाकली जाते. (एएमडीच्या २००० सालच्या ‘थंडरबर्ड’ अ‍ॅथलॉनमध्ये ही सोय नव्हती. हीटसिंक निघाला तर तो काही सेकंदांत जळत असे.)

आधी बायोसमधलं (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरचं) तापमान बघा, मग हीटसिंकच्या पात्यांना जपून बोट लावा. आकडा ८० आणि पाती कोमट, तर दोष पेस्टचा किंवा हीटसिंक दाबून धरणाऱ्या क्लिपचा. पातीही चटका देणारी, तर दोष हवेचा.

पेस्टचा दोष असेल तर हीटसिंक थंड यंत्रावर सरळ वर उपटू नका. कडक झालेली पेस्ट प्रोसेसरला बंद सॉकेटमधून ओढून काढते आणि ४७८ पिनांपैकी काही वाकतात. यंत्र दहा मिनिटं चालवा, बंद करा, वायर काढा, क्लिपचे दोन्ही दांडे सोडा, हीटसिंक डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा आणि सैल पडल्यावरच उचला. जुना थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. कंपनीच्या हीटसिंकला खाली मेणासारखा पॅड असेल तर तो एकदाच वितळून बसतो. एकदा उचलला की खरवडून काढून पेस्टच लावायची.

हवेचा दोष असेल तर पंखा स्क्रू काढून बाजूला करा. नुसत्या ब्लोअरने भागत नाही, कारण धूळ पंख्याच्या आणि पात्यांच्या मधे फेल्टच्या करड्या गादीसारखी बसलेली असते आणि वरून दिसत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या शेजारी ठेवलेल्या यंत्रात हीच धूळ तेलकट, चिकट असते. दसऱ्याला संगणकाची पूजा जरूर करा, पण जाळीवर हळद-कुंकू वाहू नका: पंखा ते निष्ठेने आत ओढतो, आणि त्याने यंत्राचं आयुष्य वाढल्याचं अजून तरी दिसलेलं नाही.

पंखा घरघरत असेल तर स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. खोबरेल मुळीच नको, ते थंडीत गोठतं. बाजूचं झाकण काढून तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं, तर कॅबिनेटमधून हवा नीट वाहत नाही असं समजा. रुंद आयडीई पट्ट्या (डिस्कच्या जुन्या चपट्या केबल) दुमडून वाट मोकळी करा. झाकण कायम उघडं ठेवलं तर पुढून मागे जाणारा झोत मोडतो आणि हार्ड डिस्क तापते. खोली जितके अंश तापेल तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात सगळे आकडे तेवढे सरकवून वाचा.

सॉकेटच्या आसपासचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे उभे डबे) तिरक्या उजेडात बघून घ्या. दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि त्या काळातले बरेच मुळातच सदोष होते. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ दिसला तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा. जुना काढण्याआधी पट्टीची (ऋण टोकाची) बाजू दिसेल असा फोटो घ्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.