राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही

दुबई-शारजातील खासगी आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांमध्ये एक समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे: पाच वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिला, की ग्रॅच्युइटीवर पाणी सोडावे लागते. हा समज निराधार नव्हता. 1980 च्या जुन्या कामगार कायद्यात मुदतबंद करारावरील कर्मचाऱ्याला खरोखरच तसा फटका बसत असे. मात्र 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार सलग एक वर्ष सेवा पूर्ण केलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला, नोकरी कोणीही संपवलेली असो, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचे मूळ वेतन मिळते.

खरी मेख आहे ती ‘मूळ वेतन’ या शब्दांत. एकूण पगार 10,000 दिरहम, पण करारात मूळ वेतन 6,000 असेल, तर तीन वर्षांची ग्रॅच्युइटी 21,000 नव्हे, 12,600 दिरहम होते. घरभाडे व प्रवासभत्ता त्यात धरला जात नाही. म्हणून सही करण्यापूर्वी, विशेषतः भारतातून प्रथमच जाणाऱ्या शिक्षकांनी, हा आकडा अवश्य तपासावा. सेवा संपल्यावर सर्व देणी 14 दिवसांत चुकती करणे शाळेवर बंधनकारक आहे.