मॉनिटर कॅलिब्रेशन

मॉनिटर कॅलिब्रेशन म्हणजे स्क्रीनवरचे रंग ठरलेल्या मापाला आणून बसवणं. डिझाइनवाल्यांची कायमची तक्रार असते की स्क्रीनवर झकास दिसणारं काम छापून आलं की काळपट वाटतं, मग शिव्या प्रेसवाल्याला, पण बहुतेक वेळा मॉनिटरचा ब्राइटनेसच भलता वाढवलेला असतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स (उजेडाचं माप) पुरतात, नवा मॉनिटर मात्र बऱ्याचदा याच्या दुप्पट उजेड फेकतो. कोरा कागद स्क्रीनशेजारी धरून बघा, कागद मळका वाटला तर ब्राइटनेस जास्त आहे.

मॉनिटर घेताना आयपीएस प्रकारचा पॅनल बघायचा, टीएन प्रकारात मान जरा हलली की रंग बदलतो. वेबसाठी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलेली एसआरजीबी ही रंगांची ठरलेली कक्षा पूर्ण झाकली जाते ना एवढं पुरे, छपाईवाल्यांना अडोबी आरजीबी ही मोठी कक्षा कामाची, कारण तिच्यात हिरवे-निळसर रंग जास्त मावतात. पण वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणारा) मॉनिटर म्हणजे भारीच असं नाही, कलर मॅनेजमेंट (मॉनिटरप्रमाणे रंग जुळवून दाखवण्याची सोय) नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच मॉनिटरवर माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे लालबुंद दिसतात.

डोळ्यांनी अंदाजे कॅलिब्रेट करणं व्यर्थ, डोळा थोड्याच वेळात कुठल्याही पांढऱ्याला सरावतो. म्हणून कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, लागतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, नाइट मोड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, स्क्रीन किंचित मागे कलती करायची म्हणजे लटकवलेला सेन्सर काचेला नीट टेकतो आणि कडेने उजेड शिरत नाही, मग त्याच्याखाली एकेक रंगाचा चौकोन येत जातो आणि सॉफ्टवेअर मापं घेत राहतं. टार्गेट सहसा ६५०० केल्विनच्या आसपासचा डी६५ हा प्रमाणित पांढरा आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा आकडा) २.२. प्रूफ (छपाईचा नमुना) डी५० या जरा पिवळसर प्रमाणित पांढऱ्याच्या दिव्याखाली शेजारी ठेवून बघत असाल तर पांढरा त्याच्याशी जुळवून घ्यायचा.

इथे एक घोळ नेहमी होतो. कॅलिब्रेशन मॉनिटरला जागेवर आणतं, आणि त्यानंतर बनणारी आयसीसी प्रोफाइल नावाची फाइल तो आता कसा वागतो ते सॉफ्टवेअरला सांगते, त्यामुळे दुसऱ्याची प्रोफाइल आणून आपल्या मॉनिटरला लावण्यात अर्थ नाही, मॉडेल तेच असलं तरी. शेवटी रिपोर्टमध्ये सरासरी डेल्टा ई (हवा तो रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक) २ च्या खाली आला की काम झालं. बॅकलाइट जुना होत जातो म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजायचं, आणि मधेच कोणी मॉनिटरची बटणं दाबून ब्राइटनेस बदलला तर लगेच.